पेरी मेसन हरतो तेव्हा

मित्रहो, आज आपण 'पेरी मेसन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेविषयी आणि विशेषतः तिच्या एका भागाविषयी बोलणार आहोत. सीबीएस वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ रोजी सुरू झालेली ही मालिका २२ मे १९६६ पर्यंत चालली आणि तिचे २७१ भाग झाले. वकील मेसनच्या भूमिकेत रेमंड बर होता, त्याच्या सेक्रेटरीच्या भूमिकेत बार्बरा हेल आणि खाजगी गुप्तहेर पॉल ड्रेकच्या भूमिकेत विल्यम हॉपर. मूळ पात्र अर्ल स्टॅनली गार्डनर यांच्या १९३३ पासून निघू लागलेल्या कादंबऱ्यांतले. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियातले वकील. १९३० च्या दशकातल्या चित्रपटांनी आपल्या मेसनचे जे केले त्यावर ते इतके नाराज होते, की दूरचित्रवाणीला हक्क देताना पटकथांवरचा ताबा त्यांनी स्वतःकडेच ठेवला. कार्यकारी निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन या पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री आणि एकेकाळी कायद्याचे शिक्षण घेतलेल्या. म्हणजे ही मालिका कायदा जाणणाऱ्यांच्या हातात होती, आणि तरीही तिच्यातला खटला प्रत्यक्ष खटल्यासारखा नाही. का नाही, हे पाहण्यासारखे आहे.

भागाचा साचा ठरलेला. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एक अप्रिय माणूस चार-पाच जणांशी वैर घेतो आणि मारला जातो. त्यातला सर्वांत भाबडा असतो तोच पोलिसांना सापडतो आणि मेसनचा अशील होतो. उरलेला वेळ न्यायालयात जातो. परंतु नीट पाहिले तर बहुतेक भागांत तेथे ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे बारा नागरिकांचे मंडळ, नसते. कारण आपण पाहतो तो खटला नसतोच. ती असते प्राथमिक सुनावणी. आरोपीला खटल्याला सामोरे जायला लावण्याइतका पुरावा सरकार पक्षाकडे आहे की नाही, एवढेच न्यायाधीशाने तेथे ठरवायचे असते. आपल्याकडेही १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यापुढे अशी चौकशी होत असे, हे जुन्या वकिलांना आठवेल.

या निवडीमागे काटकसर आहे, हे उघड आहे: ज्यूरीतल्या बारा माणसांचा मेहनताना वाचतो. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेळेचे गणित. ज्यूरी असली की तिची निवड आली, तिला उद्देशून भाषणे आली, तिने आत जाऊन विचार करणे आले. प्राथमिक सुनावणीत खरा गुन्हेगार ओरडून उठला, की न्यायाधीश तेथल्या तेथे आरोप काढून टाकू शकतो, आणि पुढच्या दृश्यात मेसन आपल्या कचेरीत बसून उकल सांगू शकतो. पन्नास-बावन्न मिनिटांत हे सारे बसवायचे तर याहून सोयीची जागा कायद्यात सापडणे कठीण.

त्याची किंमत मात्र वास्तवाने मोजली आहे. प्राथमिक सुनावणीत कसलेला बचाव-वकील आपले पत्ते उघड करत नाही. तो सरकारी साक्षीदाराची उलटतपासणी घेतो ती त्याला एका विधानावर बांधून ठेवण्यासाठी, म्हणजे पुढे खटल्यात त्याला फिरता येऊ नये. मेसन नेमके उलटे करतो. अंगठी, पावती, काडीपेटी असे काहीतरी हातात घेऊन तो साक्षीदाराच्या दिशेने सावकाश चालत येतो. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर अर्धवट उठून प्रश्न असंबद्ध आणि गैरलागू असल्याची हरकत घेतो. प्रश्नाचे उत्तर पूर्ण व्हायच्या आत कॅमेरा प्रेक्षकांच्या बाकांवर जातो आणि तेथे कोणीतरी उभे राहून सांगते की हो, मीच मारले, मारण्याच्याच लायकीचा होता तो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क ज्या देशाच्या संविधानात आहे, तेथे आठवड्यागणिक हे घडत होते! मेसनचे कायदेशीर काम पुरावा अपुरा आहे एवढे दाखवण्याचे, पण मालिकेला ते पुरेसे वाटत नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेला आरोपी तिला नको असतो. तिला निष्कलंक आरोपी हवा असतो, आणि त्यासाठी दुसरा कोणीतरी दोषी ठरावाच लागतो. माझ्या मते या मालिकेने प्रेक्षकांना दिलेली सर्वांत चुकीची शिकवण हीच आहे.

म्हणूनच बर्गर महत्त्वाचा. तो दर आठवड्याला हरतो, पण खलनायक होत नाही. विल्यम टॅलमनने ही भूमिका कधी विनोदी होऊ दिली नाही. (या टॅलमनला १९६० मध्ये एका मेजवानीवरील पोलिसी छाप्यानंतर वाहिनीने काढून टाकले, न्यायालयाने आरोप रद्द केले, तरी प्रेक्षकांच्या पत्रांनंतरच, वर्षअखेरीस, तो परतला. पडद्यावर आरोप रद्द होताच सारे सुरळीत होत असे.) बर्गरच्या या प्रतिमेचा परिणाम किती दूरवर गेला, याची साक्ष २००९ च्या जुलैमध्ये मिळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीसाठी सिनेटच्या समितीपुढे आलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी सांगितले, की लहानपणी पाहिलेल्या या मालिकेतील सरकारी वकिलाच्या तोंडचा विचार त्यांच्या मनात राहिला: अपराधी दोषी ठरला की न्याय होतो, आणि निरपराध माणूस दोषी ठरत नाही तेव्हाही न्यायच होतो. पुढे त्या मॅनहॅटनमध्ये सरकारी वकीलच झाल्या. सिनेटर अल फ्रँकन यांनी मग विचारले, की मेसन हरला तो खटला कोणता? सोटोमायोर यांना तो आठवला नाही.

त्याचे एक उत्तर म्हणजे १७ ऑक्टोबर १९६३ रोजी दाखवला गेलेला 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट'. हरल्यासारखे म्हणता येतील असे आणखी एक-दोन भाग आहेत, पण तेथे पळवाट आहे. येथे नाही. येथे भाग सुरू होतो तोच जेथे एरवी मालिका जातच नाही तेथून: ज्यूरी परत आली आहे, आणि ज्युली ॲडम्सने साकारलेली मेसनची अशील जॅनिस बार्टन हिला ती खुनाबद्दल दोषी ठरवते. शिक्षा मृत्युदंडाची. प्रेक्षकाला साक्षी-पुरावे दिसलेले नाहीत, कोण खरे बोलले हे ठाऊक नाही. दिसतो तो फक्त निकाल, आणि ज्याच्याकडून निकाल बदलण्याची आपण अपेक्षा ठेवतो तो मेसन त्या निकालापुढे उभा.

हरण्याचे कारणही विचारपूर्वक निवडलेले आहे. मेसनची युक्ती अपुरी पडलेली नाही आणि बर्गरने लबाडी केलेली नाही. अशिलानेच आपल्या वकिलापासून महत्त्वाची गोष्ट लपवली आहे. मेसनची प्रतिष्ठा राखण्याची ही सोय आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो खोटा नाही. पण त्यातून ज्यूरीच्या निर्णयाला जे वजन येते ते इतर भागांत कधी येत नाही. त्या बारा जणांनी समोर ठेवलेला पुरावा पाहिला आणि त्यावरून जे योग्य वाटले ते ठरवले. प्रक्रियेत खोट नाही, तरी निष्कर्ष चुकीचा. त्यानंतरचा मेसन हा उलटतपासणी घेणारा मेसन नाही, शिक्षा अमलात येण्यापूर्वी तथ्य शोधणारा माणूस आहे. भागाच्या अखेरीस तो खऱ्या खुन्यापर्यंत पोहोचतो आणि जॅनिस सुटते. ते व्हायलाच हवे होते. १९६३ मध्ये कोणत्याही वाहिनीने मेसनच्या निरपराध अशिलाला सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या गॅस चेंबरपर्यंत जाऊ दिले नसते. तरीही माझ्या दृष्टीने या भागाची सुरुवात त्याच्या शेवटापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.