मीटरवर नऊ हजार? आधी चेन बघा

नमस्कार मंडळी! सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळलीये?" आणि उत्तरही ठरलेलंच. २०१७ ची केटीएम आरसी ३९०, मीटरवर नऊ हजार किलोमीटर, "फक्त संडेला काढायचो भाऊ." असेलही खरं. पण शब्दावर व्यवहार करायचा नाही, गाडी बघून करायचा. आज उदाहरणाला आरसी ३९० च घेऊ. ती आपल्या चाकणलाच बनते, पुणे-पिंपरीत विकायला भरपूर असतात, आणि पोरांनी त्या कशा पिळलेल्या असतात ते मी वेगळं सांगायला नको. यामाहाची आर१५ किंवा कावासाकीची निंजा ३०० बघत असाल तरी तपासणी हीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक गाडी तीस हजार पळालेली, पण सर्व्हिसचे सगळे कागद जागेवर. दुसरी नऊ हजारांची, कागद "हरवलेत". मी पहिली घेईन. मीटरचा आकडा खाली आणता येतो, आख्खा मीटरच बदलला तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. झिजलेलं लोखंड मात्र परत वाढत नाही.

(कॅमेरा मागच्या चाकाजवळ)

हे बघा. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकाला, एक्सलच्या शेजारी बारीक रेघा आहेत. चेन सैल पडली की मेकॅनिक चाक मागे ओढतो आणि किती ओढलं ते या रेघांवरून कळतं. हिची खूण जवळजवळ शेवटच्या रेघेवर आलीये. म्हणजे चेन संपत आली. वेळच्या वेळी साफ करून लूब मारलेली चेन वीस हजारांच्या आसपास आरामात जाते. मग मीटरवर नऊ हजार कसे? एक तर आकडा खोटा, नाहीतर मालकाने चेनकडे ढुंकूनही बघितलेलं नाही. दोन्हीकडून मार आपल्यालाच. आता इंजिन बंद ठेवून, मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) पार मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलायला आलाय.

तशीच ब्रेकची डिस्क. तिच्यावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, जाडी मोजायला खिशात व्हर्नियर असू द्या. आणि टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सतराच्या गाडीला एकोणिसाचा टायर, म्हणजे पहिला कधीतरी संपला किंवा फाटला. मऊ टायर लवकर झिजतात, त्यामुळे एकट्या टायरवरून निकाल लावू नका. पण चेन, डिस्क, टायर, गिअर लिव्हरचं गुळगुळीत झालेलं रबर, सगळे एकच गोष्ट सांगायला लागले की मीटरचं कोण ऐकतो?

बरं, नऊ हजार खरे निघाले तरी लगेच खूश होऊ नका. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडी वेगळा खर्च काढते. फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे सील सुकतात, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि ब्रेक ऑइल जुनं होतं, टाकीत पेट्रोल खराब होतं, आणि टायर नक्षी भरपूर असूनही कडक झालेला असतो. पावसात त्याच्यावर ताम्हिणी उतरायला मी तरी जाणार नाही.

पडलेली गाडी ओळखायची तर रंग बघत बसू नका. फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक, नवीन येतं, स्टिकर किट तर त्याहून स्वस्त. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि खाली वाकून टॉर्च मारा. फ्रेमच्या मानेजवळ हँडल जिथे अडतं, तिथे एक छोटा स्टॉपर असतो. तो चेपलेला, तुटलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला दिसला तर पुढचं चाक जोरात आदळलंय. तिथून सरळ घरी या. हँडल मधोमध येताना खटकन अडकत असेल, तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेलाय. तो बदलता येतो, घाबरू नका.

आणखी एक, हे फार जण बघत नाहीत. ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्याला आडवं बारीक भोक पाडलंय का? रेस ट्रॅकवर बोल्ट सुटू नये म्हणून त्यातून तार ओवतात. चेन्नई किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जाणं काही गुन्हा नाही, उलट तिथले लोक ऑइल वेळेवर बदलतात. पण विकणारा "ऑफिसला जायची गाडी" म्हणत असेल तर जरा विचारा.

इंजिनसाठी एकच अट घाला. मी आल्याशिवाय स्टार्ट करायची नाही. गेल्या गेल्या इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, थंड होऊ द्या. थंड इंजिनच खरं बोलतं. स्टार्ट केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ सकाळी थोडा वेळ चालते, गरम झाल्यावरही येतच राहिली तर कूलंट आत जातंय. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर दिवा गेलाय किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय, तपासून घ्या.

चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोरात ओढा. गिअर निसटला तर ते काम इंजिन खोलल्याशिवाय होत नाही. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर नुसता आरपीएम चढला आणि स्पीड नाही, तर क्लच प्लेट गेल्या.

ॲव्हरेजचं पटकन सांगतो. आरसी ३९० साधारण २५ ते ३०, आर१५ चाळिशीच्या पुढे. आरसीच्या मीटरमध्येच सरासरी दिसते. ती फारच खाली असेल तर एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक किंवा सेन्सर बघायला लावा. अर्थात मालक रोज रेडलाइनलाच नेत असेल तर गाडी बिचारी काय करणार!

आता कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, सगळं दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. चॅसिस नंबर मानेवर वाचून आरसी बुकाशी जुळवा, आणि मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. तिथे प्रत्येक भेटीला किती किलोमीटर होते याची नोंद असते. २०१९ मध्ये चौदा हजार आणि आज नऊ, असं निघालं तर बोलणं तिथेच संपलं.

सौद्याला बसण्याआधी टायरची जोडी, चेन सेट आणि फोर्क सील यांचा भाव आपल्या मेकॅनिककडून लिहून घ्या. जे बदलावं लागणार, तेवढे किमतीतून वजा. बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला असेल तर त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका, उलट कंपनीचा मूळ सायलेन्सर मागा. नाहीतर पहिल्याच नाकाबंदीत पावती फाटेल. आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, हे हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही.