बेगमपेठ आणि एका डासाचा एक आणा

नमस्कार श्रोतेहो. आज तुम्हाला हैदराबादच्या बेगमपेठेत नेतो. आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद काही परकं नाही, 1956 पर्यंत राजधानीच होती ती आपली, आणि अजूनही उदगीर-देगलूरकडं घरात मोठं दुखणं निघालं की माणूस पुण्याच्या आधी हैदराबादचं तिकीट काढतो.

माझी आत्या राहायची बेगमपेठला. उदगीरहून बिदर, विकाराबाद करत रेल्वेनं जायचो आम्ही, आणि ह्या गाड्यांना डबे वाढवा असं मी तेव्हापासून म्हणतोय, अजूनही उभ्यानं जाणारी लेकुरवाळी बाई बघवत नाही. असो. तर बेगमपेठ हे नाव निझामाच्या एका लेकीवरून, तिला लग्नात हा भाग मिळाला म्हणतात. शेजारी सिकंदराबाद, 1806 पासूनची इंग्रजांची छावणी. म्हणून निम्मी वस्ती नवाबी आणि निम्मी गोऱ्या साहेबाची.

आणि मधोमध विमानतळ. विमान इतकं खालून जायचं की आत्याच्या मांडणीवरची पितळी भांडी वाजायची, आत्या बोलता बोलता थांबायची, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू. डेक्कन एअरवेज 1945 ला इथूनच निघाली, प्रेम माथूर ह्या बाईंना बाकीच्या कंपन्या नको म्हणल्या तेव्हा ह्यांनी घेतलं, देशातल्या पहिल्या महिला कमर्शियल पायलट त्या. निझाम सरदार पटेलांना हात जोडतोय तो फोटो बघितलाय ना? तोही बेगमपेठ विमानतळावरचाच. मार्च 2008 ला शमशाबादचं नवं विमानतळ सुरू झालं, इथली प्रवासी विमानं बंद झाली. आता मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिक आणि वर मेट्रो, पण आत वळलं की शांत.

त्या शांततेत विमानतळाच्या जवळच एक जुनी बंगलेवजा इमारत आहे. तिच्यासाठीच मी आज माइकपुढं बसलोय.

साल 1897, ऑगस्ट महिना. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर, हिवताप डासामुळं होतो का ह्याच्या मागं लागलेला. उकाडा असा की अंगाचं पाणी होतंय, पण पंखा ओढणाऱ्याला सांगायची सोय नाही, कारण वारा लागला की डास उडून जाणार! घाम गळून गळून मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला, तरी माणूस डोळा लावून बसलाय. आणि डासामागून डास चिरायलाय, काही सापडंना. मग त्याच्या हाताखालच्या माणसांनी कुठूनतरी वेगळ्याच डासांच्या अळ्या आणल्या, पंखावर ठिपके असलेले डास निघाले त्यातून. ते चावायला सोडले हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यावर. मच्छरदाणीत आपण एकही डास राहू देत नाही, ह्यानं ते अंगावर घेतले! आणि मोबदला? एका डासाचा एक आणा. परत सांगतो, एका डासाचा एक आणा.

चार दिवसांनी, 20 ऑगस्टला, त्यातले शेवटचे एक-दोनच डास उरलेले. रॉसनं एक फाडला, पोटाची भिंत काचेखाली धरली, तर गोल गोल पेशी, आणि आत काळे ठिपके, रोग्याच्या रक्तात दिसतात तसलेच! सापडलं. पुढं कलकत्त्याला पक्ष्यांवर काम करून त्यानं डासातून हिवताप कसा पसरतो ते सगळं चक्र दाखवलं आणि 1902 चं नोबेल मिळालं. रॉसचं नाव त्या इमारतीला आहे, ते बरोबरच आहे. पण ज्याच्या रक्ताशिवाय तो डास रिकामाच राहिला असता त्या हुसेन खानाचं नाव आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आत्यानं मला ती इमारत दाखवली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आणि त्याच वर्षी मला हिवताप येऊन गेलता. चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, आणि त्या गोळ्यांची कडू चव जीभेवरून दिवसभर जायची नाही. आमच्या गावात हिवतापवाला यायचा, बोटाचं रक्त काचपट्टीवर घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. दिवाळीला घर सारवलं तरी आई तेवढी जागा सोडायची, डॉक्टरचं लिहिलेलं पुसू नये म्हणायची.

आता आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, टँकरचं पाणी, त्यामुळं रांजण, ड्रम, सिमेंटची टाकी भरून ठेवावीच लागते, कुणाला दोष देत नाही मी. पण ह्या 20 ऑगस्टला तेवढी झाकणं बघा. ड्रमला जुनं धोतर बांधलं तरी चालतं, आत्या तसंच बांधायची, दोन पदरी, सुतळीनं करकचून.

नमस्कार.