जॉर्डन: वीज हवी, पण पाणी कुणाचं?

जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये, नळाला पाणी बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच येतं. वर्षाला माणशी 100 घनमीटर पाणीही या देशाच्या वाट्याला येत नाही.

तरीही जॉर्डनला अणुवीज हवीशी वाटली, आणि त्यामागे सबळ कारण होतं. इंधन जवळजवळ सगळं आयात. 2011 पासून इजिप्तच्या सिनाईतून येणारी वायुवाहिनी पुन्हा पुन्हा स्फोटांनी उडवली गेली. इजिप्तचा वायू आटला आणि महागडं तेल जाळून वीज करावी लागली. 2015 मध्ये रशियाशी करार झाला: अम्राच्या वाळवंटात हजार-हजार मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या.

समुद्र लांब, जवळ मोठी नदी नाही. मग भट्ट्या थंड कशाने करायच्या? खिरबत अस्-समरा इथे शुद्ध होणाऱ्या, अम्मान आणि झरका शहरांच्या सांडपाण्याने. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला पालो व्हर्दे अणुप्रकल्प अशाच पाण्यावर चालतो, त्यामुळे तंत्राबद्दल शंका नको. हिशेब मात्र मांडायलाच हवा. अशा प्रकल्पात एका युनिट विजेमागे साधारण अडीच लिटर पाणी वाफ होऊन जातं. दोन्ही भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालल्या, तर दिवसाला 12 कोटी लिटर. समरा केंद्राची क्षमता 36 कोटींच्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा!

आणि हे पाणी काही वाया जात नाही. झरका नदीतून ते किंग तलाल धरणात उतरतं आणि पुढे जॉर्डन खोऱ्यातली शेतं भिजवतं. भट्टीला द्यायचं, तर ते या शेतकऱ्यांच्या वाट्यातूनच काढावं लागणार.

2018 मध्ये ती योजना गुंडाळली गेली, तीही पैशापायी. पाण्यासाठी नव्हे, याची खंत वाटते.

तोवर मआनमध्ये सौर पॅनेल उभे राहिले होते, तफिलाच्या डोंगरांवर 117 मेगावॉटच्या पवनचक्क्या फिरत होत्या. आज देशाची पाव हिस्सा वीज ऊन-वाऱ्यातून येते. पॅनेलवरची धूळ धुवायला लागेल तेवढंच पाणी.

अडचण रात्रीची आहे. अणुवीज रात्रंदिवस मिळते, हे तिचं खरं बळ. उन्हाची वीज दुपारी उसळते आणि ग्रीडवर ताण येतो. 2019 मध्ये सरकारने मोठ्या प्रकल्पांचे नवे परवानेच थांबवले.

पण याच देशात दिसीचं भूजल 325 किलोमीटरवरून अम्मानला चढवलं जातं. अकाबाचं समुद्राचं पाणी गोडं करून राजधानीत आणायची योजनाही आहे. हे पंप भर दुपारी चालवता येतात. तेव्हा पाणी वर चढवून जलाशयात साठवलं, की तेवढी वीज रात्री लागत नाही.