‘नाही’ मोजकी ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

वॉर्डाच्या नव्यानं इनचार्ज झालेल्या मुली पेढे घेऊन घरी येतात, आणि चहा संपत आला की हळूच विचारतात, “सिस्टर, आता कडक राहू की प्रेमळ?” अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला माझा भाचाही हेच विचारतो. आश्रमशाळेच्या अधीक्षिका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, ज्यांच्या हाती माणसं सोपवलेली असतात त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि तिला वेळ लागेल. उत्तर असं की, तुमची ‘नाही’ मोजकी ठेवा, आणि जी ठेवाल ती हलू देऊ नका. पुन्हा सांगते. ‘नाही’ मोजकी ठेवा, आणि ठेवाल ती हलू देऊ नका.

आता गोष्ट.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात अधिपरिचारिका होते. आमच्या परिसेविकांना, म्हणजे कक्षाच्या प्रमुख परिचारिकांना, सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बांध्यानं लहानखुऱ्या आणि आवाज अगदी हळू. पण त्या कक्षात शिरल्या की ज्याच्या मनगटावर घड्याळ राहिलंय त्याचा हात आपोआप घड्याळाकडे जायचा. बाळाला हात लावायचा तर घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, हा त्यांचा नियम. सफाईच्या मावशींना तोच आणि राऊंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही तोच.

पावसाळा होता. गोदावरीला पाणी चढून दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला होता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची सून आमच्याकडे दिवस भरायच्या आतच बाळंत झाली होती. मुलगा, वजन १४५० ग्रॅम. श्वास ठीक चालू लागला, नळीनं दिलेलं दूध पचू लागलं, तेव्हा आम्ही त्याला वॉर्मरवरून काढून आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त अशा अडचणीतून ती निघाली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे निदान ८ तास, जमलं तर त्याहून जास्त, असं अंगाशी धरावं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या मुलीची सासू एसटीनं सावळघाटातून भिजत आली. हातात पिशवी. पिशवीत हळदकुंकू, सुपारी, सुईदोरा, पणती, तेल, आणि औषधाच्या जुन्या बाटलीत रानातला मध. दारातूनच म्हणाली, “पाचवी आहे आज. सुनेला नि पोराला घेऊन जाते. तिकडं भाताची आवणी खोळंबली.”

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. रात्रभर जागलेले. त्यांनी समजावलं, मग पुन्हा समजावलं, आणि मग फॉर्म काढून टेबलावर ठेवला. “सही करा आणि न्या. काही झालं तर जबाबदारी तुमची.” आमच्याकडे याला ‘डामा’ म्हणतात, वैद्यकीय सल्ला डावलून घरी नेणं. बाळाचा बाप अंगठ्याची शाई पुसत उभा होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी, पण बोलायची सोय नाही.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी फॉर्म उचलून फाईलखाली सरकवला. स्टूल ओढलं, आजीला बसवलं, दुसरं स्टूल ओढून स्वतः तिच्यासमोर बसल्या. आणि पहिला प्रश्न विचारला, “किती खाचरं राहिलीत?”

आजी चमकलीच. “निम्मी.”

“माणसं किती?”

“मी नि ह्यो. सून अशी.”

“मग मुलाला आजच्या एसटीनं पाठवा. आवणीला तो हवा. बाळाला तुम्ही हव्यात.”

आजी काही बोलायच्या आत सिस्टर पुढं म्हणाल्या, “बाळाला न्यायचं नाही. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब अजून धरता येत नाही. घाटात गार पडलं तर तुम्हीही काही करू शकणार नाही आणि मीही नाही.” हे त्यांनी एकदाच सांगितलं. आवाज चढवला नाही. पण ‘बघू’, ‘डॉक्टरांना विचारू’ असंही काही म्हणाल्या नाहीत.

आजीनं मधाची बाटली पुढं केली. “एवढं चाटवते तरी.” सिस्टर म्हणाल्या, “नाही.” मधात असे जंतू असू शकतात की तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. हे सगळं त्यांनी आजीला तिच्या भाषेत सांगितलं. बाटली मात्र हिसकावली नाही. सुनेच्या कपाटात ठेवली, “भाकरीबरोबर तुम्ही खा” म्हणाल्या.

मग पणती निघाली. पुन्हा “नाही”. कक्षात ऑक्सिजन चालू होता, तिथं ज्योत पेटवायची नाही.

तीन ‘नाही’ झाल्या. आजीचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, आता उठते आणि निघते.

तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “पाचवी मात्र करायची. आजच करायची. इथंच.”

व्हरांड्याच्या टोकाला जागा झाडून दिली. स्वयंपाकघरातून मावशींनी वरवंटा आणला. सटवाईला बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद आणि लेखणी लागते, आजी तेवढंच विसरली होती. सिस्टरनी तापमान लिहायचा एक कोरा तक्ता काढला, खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि दोन्ही वरवंट्याशेजारी ठेवलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या नोंदी दुसऱ्याचं पेन मागून केल्या.

पूजा झाल्यावर आजीला अंघोळीला पाठवलं, नखं काढायला लावली. सुनेला जरा ताप होता, म्हणून बाळ आजीच्या छातीशी बांधायचं ठरलं. आजी संकोचली. “माझ्या अंगात दूध कुठलं आता?” सिस्टर म्हणाल्या, “दूध सुनेचं देऊ. तुमची ऊब द्या.” हातातलं चांदीचं कडं निघेना. नियम नियमच, पण सिस्टरनी साबणाचा फेस करून स्वतः ते फिरवत फिरवत काढलं, रुमालात बांधलं, आजीच्याच पदराला गाठ मारून दिली. मग पडदा ओढून, बेडूक बसतो तसे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, नाक मोकळं ठेवून बाळ तिच्या गोंदलेल्या छातीवर ठेवलं. टोपी, मोजे, वरून फडकं. थोड्या वेळानं बाळाचे पाय तपासले तर ते पोटाइतकेच उबदार. आजीनं स्वतः हात लावून पाहिलं. घरी न्यायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आणि डॉक्टर? त्यांना सिस्टर कक्षात, नातेवाइकांसमोर एक अक्षर बोलल्या नाहीत. दुपारी ड्युटीरूमचं दार लावून घेतलं. मी तिथंच रजिस्टर भरत होते, म्हणून ऐकलं. म्हणाल्या, “डॉक्टर, सही त्यांची असते, मरण बाळाचं असतं. फॉर्म शेवटी काढायचा. आणि आता दोन तास झोपा, मी हाक मारीन.” दुसऱ्या दिवसापासून ते डॉक्टर रोज सकाळी स्वतः त्या बाळाचं वजन करायचे आणि आकडा आजीला सांगायचे. आठवडाभरात आजी बाकीच्या आयांवर देखरेख करायला लागली. “ए पोरी, टोपी घाल त्याला. हात धुतलेस का?” मूल १८०० ग्रॅमचं होऊन घरी गेलं आणि पाड्यावरची आशाताई पुढं घरी जाऊन बघत राहिली.

श्रोतेहो, सिस्टरनी ‘नाही’ किती वेळा म्हटलं? तीन वेळा. घरी न्यायचं नाही, मध नाही, ज्योत नाही. तिन्ही जिवाशी जोडलेल्या. बाकी पाचवी, वरवंटा, कडं, आवणी, सगळ्याला त्यांनी वाट काढून दिली. ज्या इनचार्ज दिवसाला पन्नास वेळा ‘नाही’ म्हणतात, त्यांच्या एक्कावन्नाव्या ‘नाही’त जीव अडकलेला असला तरी तो कुणाला कळत नाही.

दर १२ मे रोजी आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आठवतो. १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमींकडे गेली. पण त्यातल्या न जुमानणाऱ्या काहींना तिनं परत पाठवलं होतं आणि मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला जाब विचारला होता. परिचारिका दिनाच्या भाषणांत हे फारसं येत नाही. नुसता दिवा दाखवून आपण मुलींना अर्धीच नाइटिंगेल शिकवतो.

आणि बोलतेच आहे तर हेही. माणसाला खाटेच्या आकड्यानं हाक मारणं बंद झालं पाहिजे. “सात नंबरला सलाईन लावा.” सात नंबरला नाव आहे, ते तक्त्यावर लिहिलेलं आहे. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवतो, त्याला ओव्हर म्हणतात. तो टेबलाशी बसून देऊ नका, खाटेजवळ उभं राहून, पेशंटचं नाव घेऊन द्या. औषधाच्या चुका यानं कमी होतात, आणि खाटेवरच्या माणसाला कळतं की रात्री आपल्याला कोण बघणार आहे.

भाच्याला मी हीच गोष्ट सांगितली. त्याच्या शॉपमध्ये पॉवर प्रेस आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे बोटं आत राहत नाहीत. काम भराभर उरकावं म्हणून कामगार एक बटण बांधून ठेवतात. मी म्हटलं, तुझी ‘नाही’ ती. तिथं बाबापुता नको आणि प्रॉडक्शनचा हिशेबही नको, मशीन बंद करायचं. पण मुलीच्या शाळेत जायचंय म्हणून कुणी तासभर आधी सुटी मागितली, तर तिथं साहेबगिरी कशाला? तो म्हणाला, लोक डोक्यावर बसतील. मी कक्षात उलटं पाहिलंय. मोठ्या सिस्टर आमच्या रजा अडवत नसत, आणि त्यांच्या ड्युटीला हात न धुता बाळाला कुणी शिवत नसे.

आता २०२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. २००३ मध्ये ऑगस्टमधल्या शाहीस्नानाच्या दिवशी आपल्या गावात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसं गेली, ते नाशिककर विसरलेले नाहीत. या वेळीही घाटांवर, रस्त्यांवर आपलीच कॉलेजची मुलंमुली स्वयंसेवक म्हणून उभी राहतील. त्यांच्या गळ्यात शिट्टी देताना एवढं शिकवा. कुठल्या दोन-तीन गोष्टींना कुणालाही, कितीही विनवलं तरी ‘नाही’ म्हणायचं, हे आधी ठरवून द्या. बॅरिकेड ओलांडू द्यायचं नाही, उलट्या दिशेनं कुणाला सोडायचं नाही. आणि बाकी वेळ त्या शिट्टीला आराम देऊन म्हाताऱ्या माणसाचा हात धरायचा, पाणी कुठं आहे ते सांगायचं, चुकलेल्या बाईला तिच्या गावच्या लोकांपर्यंत पोचवायचं. त्यांच्या प्रशिक्षणात यासाठी एक पूर्ण तास ठेवावा, आणि तो तास घ्यायला शहरातल्या जुन्या परिसेविकांना बोलवावं, अशी माझी नियोजन करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. आम्ही येऊ.

नमस्कार.