रुमालाखालचा भाव

(कोल्हापुरात घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय, ‘सोशल मीडियावरून घरगुती व्यवसाय’. तो मी सांगणारच आहे. पण कितीतरी वर्षं एक गोष्ट मनात घोळतेय. ती आधी बोलते, कारण ती जिच्यासाठी आहे ती मंडळी आज समोर बसलीयत.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात कोण कोण गेलंय? हात वर करा. बघा, निम्म्या जणी आहेत. बैलाचा व्यवहार कसा ठरतो, तुम्ही बघितलंय. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. माझ्या वडिलांना हा रुमाल कधीच आवडला नाही. ते म्हणायचे, “रुमालाखाली जे ठरतंय ते आपल्याला सोडून सगळ्यांना म्हाईत असतंय.”

शेतमालाच्या बाजारातून हा रुमाल जावा म्हणून बाजार समित्यांमध्ये उघड लिलाव आला. आपल्याकडं दिवाळीच्या पाडव्याला गुळाचा सौदा निघतो, तो चार माणसांसमोर बोली लावून. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिथं गुळाचा व्यापार वाढला. त्या गावातल्या आपण. आणि आपणच तो रुमाल परत आणलाय. साडीचा फोटो, चटणीचा फोटो, साजाचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा.’

मीही ती ओळ लिहिलीय, वर्षभर लिहिलीय. म्हणूनच सांगते.

माझा व्यवसाय कांदा-लसूण चटणीचा. इथं ‘चटणी’ म्हटलं की कुठली ते सांगावं लागत नाही, पण मुंबईच्या गिऱ्हाईकाला खोबऱ्याची वाटते. रंगाला ब्याडगी मिरची, चवीला संकेश्वरी आणि घरात तिखट खाणारं कुणी असेल तर थोडी लवंगी. एप्रिल-मे महिन्यात पहाटे डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, डबे घेऊन रांगेत बसायचं. डंकाची धूळ नाकातोंडात गेली की दिवसभर शिंका. २०१८ साली व्हॉट्सअॅपचं व्यवसायाचं अॅप आलं. लेकीनं ते माझ्या फोनवर घालून दिलं आणि पै-पाहुण्यांच्या बाहेर मी पहिल्यांदा विकायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका वर्गाला गेले. पैसे भरून गेले. शिकवणाऱ्यानं सांगितलं, भाव कधी लिहायचा नाही. गिऱ्हाईकाला विचारायला लावायचं, म्हणजे ते बोलतं आणि बोललं की अडकतं. आणखी एक सांगितलं: फोटो बघायचा, पत्ता बघायचा, माणूस बघून भाव सांगायचा. मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन तसंच केलं.

त्या उन्हाळ्यात रात्री अकरा-अकरापर्यंत मी एकच उत्तर टाइप करत होते. मिरचीचे हात. किती धुतले तरी आग जात नाही, आणि त्याच हातानं डोळे चोळत ‘ताई, किलोला एवढे’ असं पन्नास जणींना लिहायचं. त्यातल्या चाळीस जणी ‘बरं’ म्हणून जायच्या. विचारायला त्यांनाही संकोच वाटत असणार. पेठेतल्या दुकानात आपण पाटी वाचतो, परवडत नसेल तर मान वळवून पुढं जातो. इनबॉक्समध्ये विचारल्यावर मान वळवता येत नाही, ‘नको’ म्हणावं लागतं. आणि आपल्या बायकांना ‘नको’ म्हणणं किती अवघड जातं ते मी तुम्हाला काय सांगू?

मला तेव्हा किलोमागं चारशे दहा रुपये पडत होते. मिरचीची देठं काढली, ती उन्हात वाळली, की वजन घटतं. तेही त्यात धरलेलं. विकत होते पाचशे वीसला. सांगलीच्या एका वहिनींना पाचशे वीस सांगितलं. आठवड्यानं पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आला. फोटो गाडीसमोरचा, पत्ता मोठ्या सोसायटीचा. मला वर्गातली वही आठवली. मी लिहिलं, सहाशे. त्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही, दोन किलो मागवली.

या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. मला काय माहीत? घरच्या वास्तुशांतीला भेटल्या, जेवताना चटणीचा विषय निघाला. सांगलीच्या वहिनींचा फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, माझ्या बहिणीत आणि माझ्यात काय फरक बघितला तुम्ही?”

मी एकशे साठ रुपये त्याच दिवशी परत पाठवले. पुण्याच्या ताईंनी ते घेतले आणि परत कधी काही मागवलं नाही. वहिनींनीही नाही. दोन घरं गेली. त्या दोन घरांच्या ओळखीतली किती गेली ते मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक फोटोवर भाव लिहिला: अर्धा किलो, एक किलो, कुरिअर वेगळं किती. विचारणाऱ्या एकदम कमी झाल्या. पहिले चार दिवस पोटात गोळा आला होता. पण ज्या विचारायच्या त्या पत्ता पाठवूनच विचारायच्या. आणि मी रात्री दहाला झोपायला लागले.

भाषेचंही एक सांगते. आपण कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतो. मी गिऱ्हाईकाला तसंच लिहायचे, ‘उद्या डबा पाठवतो.’ मुंबईच्या एका बाईंना वर्षभर वाटत होतं, दुकान कुणा दादांचं आहे. फोनवर आवाज ऐकून त्या खूप हसल्या. लेक म्हणाली, आई, शुद्ध लिही. मी नाही लिहिलं. भाव उघड आणि बोली आपली. आजही डबा ‘पाठवतो’च.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं राहिलीत. फलकावरचा विषय आता घाईनं घेते, पण ऐका.

गिऱ्हाइकांचे नंबर कागदाच्या वहीत लिहा. २०२० च्या जून अखेरीस टिकटॉक एका रात्रीत बंद झालं. हजारो लोक जोडलेल्या बायकांकडं सकाळी एकाचाही नंबर नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही काही तास बंद पडली होती. त्या दिवशी माझ्याकडं वही होती, मी फोन केले.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना टाकायच्या यादीतून, मेसेज त्यालाच जातो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय. यादीत अडीचशे नावं आणि पोचतं साठ जणांना, असं होतं ते यामुळं. पहिल्या डब्यासोबत एक चिठ्ठी टाका, ‘नंबर सेव्ह करा.’

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचा मेसेज किंवा खात्यातली शिल्लक बघा, मगच डबा बांधा. आणि पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. कुणी टाकायला लावला तर फोन ठेवून द्या.

खाण्याचं विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची, नोंदणी करा. चौदा आकडी नंबर पाकिटावर हवा. वजन, पॅक केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि एमआरपीसुद्धा. बघा, पाकिटावर भाव छापायला कायदाच सांगतोय. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले, त्यांतही एकूण किंमत एका आकड्यात दाखवा असंच आहे.

जीएसटीचं बऱ्याच जणींना माहीत नसतं. वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण चटणीसारखा कर लागणारा माल बेळगावला किंवा बेंगळुरूला पाठवला, की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. निपाणी आपल्याला शेजारची वाटते, पण ते दुसरं राज्य आहे. पहिली ऑर्डर घेण्याआधी करसल्लागाराला विचारा.

आणि उशीर होणार असेल तर आधी सांगा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला, तेव्हा माझे अकरा डबे अडकले होते. मी प्रत्येकीला पुराचा फोटो पाठवला. अकराही जणी थांबल्या.

वेळ संपली, चहा आलाय. तो हातात येईपर्यंत फोन काढा. तुमची शेवटची पोस्ट उघडा, तिच्याखाली ‘इनबॉक्समध्ये विचारा’ असेल तर पुसा आणि भाव लिहा. अक्का, तुम्ही मागच्या रांगेतल्या, तुमच्या लोणच्याचा काय भाव? मोठ्यानं सांगा.