तारेच्या बाजूने पाहिलेली गिटार

श्रोतेहो,

इलेक्ट्रिक गिटार घरच्या कार्यशाळेत बनवावी असे ज्याच्या मनात येते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा लाकडाचा असतो. कोणते लाकूड घ्यावे, ते किती जड असावे, कोणत्या झाडाचा आवाज ‘उबदार’ असतो, याची चर्चा तासन् तास चालते. माझी विनंती अशी आहे की हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी तारेकडे पाहावे. गिटार म्हणजे दोन टोकांमध्ये ताणून बसवलेल्या सहा तारा. बाकी सारे त्या तारांना आधार देण्यासाठी, त्यांची लांबी बदलण्यासाठी किंवा त्यांचे कंपन विजेत उतरवण्यासाठी असते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास जे वाद्य तयार केले, त्याला ‘द लॉग’ म्हणजे ओंडका हेच नाव पडले. पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर नेक (बोटे जिथे तारा दाबतात तो लांब दांडा), ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) आणि पिकअप (तारेचे कंपन विजेत उतरवणारा भाग) बसवलेले होते. दोन्ही बाजूंना नंतर जोडलेले पोकळ गिटारचे पंख केवळ ते वाद्य गिटारसारखे दिसावे म्हणून होते. आवाजाला त्या पंखांची गरज नव्हती.

तारेपासून सुरुवात करायची म्हणजे स्केल लेंथ ठरवायची. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, आणि सॅडल म्हणजे ब्रिजवरचा, प्रत्येक तार जिच्यावर टेकते तो सरकता तुकडा. नटपासून सॅडलपर्यंतची तारेची सैद्धांतिक लांबी म्हणजे स्केल लेंथ. फेंडर या कंपनीच्या घराण्यातल्या गिटारींत ती २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या गिटारींत ती २४.७५ इंच सांगितली जाते. लांबी वाढली की त्याच स्वरासाठी त्याच तारेचा ताण वाढतो. म्हणून लांब स्केलवर तार अधिक कडक लागते आणि आखूड स्केलवर ती ओढायला सोपी जाते. दहाच्या संचातल्या (ज्यात सर्वात पातळ तार ०.०१० इंच जाड असते) सहा तारा ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर नेहमीच्या सुरात लावल्या, तर नेकवर मिळून सुमारे ४६ किलो ताण येतो. एवढा भार सतत पेलणारा एक सडपातळ लाकडी दांडा आपण घडवणार आहोत, ही जाणीव पहिल्या दिवसापासून हवी.

एकदा स्केल ठरली की फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा ठरतात, आणि तिथे आवडीनिवडीला वाव उरत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे असल्याने प्रत्येक फ्रेटला तारेची उरलेली लांबी दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने, भागली जाते. व्यवहारात कारागीर उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागतात आणि येईल तेवढे अंतर पुढे जातात. ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो, दुसरा ७०.७० वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. सोळाव्या शतकात व्हिन्चेंझो गॅलिली यांनी, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओच्या वडिलांनी, ल्यूट या तंतुवाद्यासाठी अठराचा नियम, म्हणजे उरलेल्या लांबीला १८ ने भागण्याचा नियम, सांगितला होता. आकडेमोडीला तो सोपा होता. मात्र त्या नियमाने बारावा फ्रेट आजच्या ६४८ च्या स्केलवर मध्यापासून सुमारे २.४ मिलिमीटर नटच्या बाजूला राहतो. तार दाबताना तिचा ताण वाढून स्वर थोडा चढतो, त्यामुळे ती तूट काही अंशी भरून निघत असे. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतो. गिटारचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की तो तिथलाच झाला. म्हणून खुणा करताना प्रत्येक फ्रेटचे अंतर नटपासूनच मोजावे, आधीच्या फ्रेटपासून नव्हे. प्रत्येक खुणेत एकाच दिशेने ०.२ मिलिमीटरची चूक झाली आणि अंतरे एकापुढे एक मोजली, तर बाराव्या फ्रेटपर्यंत ती २.४ मिलिमीटर होते. तिथे एका मिलिमीटरने स्वर पाच सेंटहून थोडा अधिक हलतो. अर्धस्वर शंभर सेंटचा असतो, हे लक्षात घेतले तर हा फरक कानाला का खटकतो ते कळेल.

माझ्या पहिल्या गिटारवर फ्रेट अचूक होते आणि तरीही ती सुरात वाजत नव्हती. मी ब्रिजची जागा कागदावरच्या आराखड्यातून थेट बॉडीवर उतरवली होती आणि भोके पाडून मोकळा झालो होतो. नेक नंतर खाचेत बसवली, तेव्हा ती ठरवल्यापेक्षा काही मिलिमीटर अधिक आत गेली, आणि ब्रिज नटच्या तितका जवळ आला. सॅडल मागे सरकवत स्क्रूच्या शेवटापर्यंत नेले, तरी जाड तारा बाराव्या फ्रेटवर चढ्याच राहिल्या. ब्रिज नुसता ३ मिलिमीटर जवळ आला तरी बाराव्या फ्रेटचा स्वर सुमारे ८ सेंट चढतो. त्यात तार दाबल्याने चढणारा भाग वेगळाच. शेवटी भोकांत लाकडी खुंट्या सरसाने बसवल्या, त्या सपाट केल्या आणि ब्रिज नव्या जागी लावला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी नेक पूर्ण होते, मग तिच्या मापाने खाच खोदली जाते, मग नेक खाचेत आवळून नटपासून प्रत्यक्ष अंतर मोजले जाते, आणि त्यानंतरच ब्रिजची भोके पडतात. पातळ ‘ई’ तारेचे सॅडल पुढच्या टोकाच्या जवळ असताना ते स्केल लेंथवर यावे, अशी जागा धरली की बाकीच्या तारांना मागे सरकायला पुरेसा वाव मिळतो.

नेकमध्ये सर्वात जास्त वेळ फ्रेट एका पातळीत आणण्यावर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेट कितीही काळजीने ठोकले तरी त्यांपैकी दोन-तीन केसभर उंच राहतातच, आणि एका उंच फ्रेटमुळे तार त्याच्या आधीच्या प्रत्येक जागी झणझणते. आधी ट्रस रॉड (नेकच्या आत बसवलेली, तिचा वाक कमी-जास्त करणारी धातूची कांब) फिरवून फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकची वरची बाजू, अगदी सरळ करावा. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावावी आणि बारीक पॉलिश पेपर चिकटवलेली सरळ पोलादी पट्टी नेकच्या लांबीने हलक्या हाताने फिरवावी. ज्या फ्रेटची शाई लगेच निघाली तो उंच, ज्याची निघालीच नाही तो खोल. सर्व माथ्यांवर पट्टीचा स्पर्श दिसला की थांबावे. आता माथे सपाट झालेले असतात, आणि सपाट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही. म्हणून फ्रेटच्या कानशीने प्रत्येक माथा पुन्हा गोल करावा लागतो. मध्यभागी शाईची एक केसासारखी रेघ शिल्लक राहील इतकेच कानसावे, कारण ती रेघ पुसली गेली तर फ्रेट पुन्हा खाली गेला असे समजावे. या कामाला घाई चालत नाही. मला स्वतःला संपूर्ण गिटारमधला हा सर्वात समाधानाचा टप्पा वाटतो, कारण इथे हाताची अचूकता थेट बोटांना जाणवते.

बॉडीचे काम त्या मानाने सरळ आहे. मध्यरेषा आखावी, पातळ प्लायवूडचा किंवा एमडीएफचा फर्मा करावा आणि राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल न जाता खाचा उतरवाव्यात. फेंडर पद्धतीची बॉडी साधारण ४४.५ मिलिमीटर जाड असते आणि नेकची खाच सुमारे १६ मिलिमीटर खोल. लाकूड वाळलेले आणि स्थिर असावे, ही माझी एकमेव ठाम अट आहे. ठोस बॉडीच्या गिटारमध्ये झाडाची जात आवाजात जेवढा फरक करते, त्याहून कितीतरी मोठा फरक पिकअपची जागा, त्याची उंची आणि तारेची दोन्ही टोके जिथे टेकतात त्या जागा करतात, असे मी अनेक गिटारींचे भाग अदलाबदल करून पाहिल्यावर मानू लागलो आहे. एक गोष्ट मात्र लाकडाशी खरोखर निगडित आहे. नेक स्वतः कंप पावते, आणि एखाद्या स्वराची वारंवारता नेकच्या कंपनाशी जुळली तर त्या जागी स्वर लवकर विझतो. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि शिसवीसारख्या लाकडांची धूळ काहींच्या त्वचेलाही सोसत नाही. म्हणून मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय राउटर चालू करू नये.

आता विजेकडे येऊ. पिकअप आवाज ऐकत नाही. चुंबकामुळे पोलादी तार स्वतः चुंबकित होते, ती हलली की कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाने कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. नायलॉनची तार पिकअपला दिसतच नाही. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या एका पिकअपमध्ये ४२ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे जवळपास ८,००० वेढे असतात. हे वेढे घरी देता येतात. शिलाई मशिनची मोटर, वेढे मोजणारा काउंटर आणि दोन बोटांतली हलकी पकड एवढे पुरते, मात्र तार तुटली की अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गुंडाळलेली कॉइल वितळलेल्या मेणात बुडवून ठेवली नाही, तर वेढे हलून मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो. मेण कधीही थेट ज्योतीवर वितळवू नये, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवावे.

क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडील हॅरॉल्ड यांच्यासह १९६३ मध्ये घरी बांधायला घेतलेली ‘रेड स्पेशल’ इथे आठवते. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची आहे आणि ट्रेमोलोला (तारांचा ताण हलवून सूर हेलकावणाऱ्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. पिकअपही त्यांनी आधी स्वतःच गुंडाळले होते. परंतु शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव आलटूनपालटून उत्तर-दक्षिण असल्याने, तार ओढून एका चुंबकावरून दुसऱ्याकडे नेली की आवाज विचित्र होई. शेवटी त्यांनी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप बसवले. ध्रुवांची रचना आवाज बिघडवू शकते, तशी ती नेमकेपणाने वापरली तर दोष घालवूही शकते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या हंबकरमध्ये दोन कॉइल उलट दिशेने जोडलेल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात. त्यामुळे तारेचा संकेत दोन्हींचा मिळून वाढतो आणि बाहेरून आलेली विजेची गुणगुण एकमेकींना पुसून टाकते.

पिकअपच्या पुढचे विद्युत मंडलही आवाज घडवते, याकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. कॉइलचे इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून काही हजार हर्ट्झच्या आसपास संकेताच्या पातळीत एक उंचवटा तयार होतो. लांब केबल लावली की तो उंचवटा खाली सरकतो आणि आवाज बोथट वाटतो. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटण फिरवून बदलणारा रोध, त्या उंचवट्याला दाबतो. म्हणून एकेरी कॉइलसाठी २५० किलोओहमचे आणि मुळातच मंद वाटणाऱ्या हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याची रीत पडली. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाजातली धार जाते, ही तक्रार असेल तर पॉटच्या आवक आणि जावक टोकांमध्ये सुमारे १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर डाग देऊन जोडून पाहावा. ब्रिजला जोडणारी ग्राउंडची वायर विसरली, तर तारेला हात लावल्यावर थांबायला हवी ती गुणगुण तशीच राहते.

हातात असलेल्या गिटारमध्ये बदल करायचे असतील, तर बहुतेकांचा कल थेट नवे पिकअप आणण्याकडे असतो. मी त्यांना उलटा क्रम सुचवतो. आधी पिकअपची उंची बदलून पाहावी. चुंबक जाड तारेच्या फार जवळ असेल तर तो तिला ओढतो, स्वर विझतो आणि सूर लागत नाही. मग नटच्या खाचा तपासाव्यात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता ती पहिल्या फ्रेटच्या जेमतेम वर राहिली पाहिजे. त्याहून फार उंच असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर प्रत्येक स्वर चढतो आणि वाजवणारा आपल्या बोटांना दोष देत बसतो. त्यानंतर फ्रेटची पातळी पाहावी. एवढे झाल्यावरही आवाज आवडत नसेल, तर पिकअप बदलावा. नेक चार स्क्रूंनी बसवण्याची लिओ फेंडर यांची पद्धत या सगळ्याला मोठी सोय करून देते, कारण नेक उघडून पुन्हा लावणे कोणत्याही घरात शक्य आहे.

रंग आणि पॉलिशविषयी थोडेच सांगतो. तेल किंवा लाखेचे पॉलिश हाताने देता येते. नायट्रोसेल्युलोज लॅकर मात्र ज्वालाग्राही असतो. तो उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर फवारावा आणि पूर्ण वाळायला काही आठवडे द्यावेत.

शेवटचा टप्पा तारा चढवल्यानंतरचा. तारा सुरात लावून गिटार रात्रभर ठेवावी, कारण ताणाखाली नेक हळूहळू वाकते. सकाळी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहावे, ०.२ ते ०.३ मिलिमीटर असेल तर ठीक. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. मग सॅडलची उंची, मग नट, आणि सर्वात शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर, कारण आधीच्या प्रत्येक बदलाने तो हलतो. फेंडरच्या जुन्या नेकांच्या टाचेवर, खाचेत झाकल्या जाणाऱ्या भागावर, पेन्सिलने तारीख लिहिलेली आढळते. मी तिथे तारखेबरोबर स्केल लेंथ, तारांचा संच आणि त्या दिवशीची नेकमधली फट लिहून ठेवतो, म्हणजे काही वर्षांनी ते चार स्क्रू उघडणाऱ्याला मोजमापाची सुरुवात कुठून करायची ते कळते.