शुक्रवारचा अर्ज

ही दापोली तालुक्यातल्या मुरूडची पुळण. ओहोटी लागलीय. मागे माडांच्या वाड्या, आणि त्यामागे गाव. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांना १८९३ साली याच गावानं वाळीत टाकलं होतं. का, तर विधवेशी लग्न केलं.

ती विधवाही कोकणातलीच, देवरुखची. गोदूबाई. शिकली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. सदन १८८९ साली मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. रमाबाई ख्रिस्ती, मुली बऱ्याचशा ब्राह्मण विधवा. बोली अशी, की इथे धर्म शिकवायचा नाही. सोवळं-ओवळं जिचं तिनं सांभाळावं.

रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत. दार मात्र उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावलं कुणी नव्हतं, हाकललंही नाही. पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्येच रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. गहजब करणाऱ्यांचा सूर आम्हाला पटत नाही. पण बाईच प्रार्थनेला बसल्या असतील, तर मुलीची मर्जी किती तिची, हा प्रश्न काही खोटा नव्हता.

राज्यघटनेच्या कलम २८ नं तो सोडवायचा प्रयत्न केला. निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत प्रार्थनेची सक्ती नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. कॉलेजात बहुतेक जण सज्ञान. म्हणजे होकार ज्याचा त्याचा.

आता किनाऱ्यावरचं एक अनुदानित कॉलेज. स्टेजवर समई, शारदेची तसबीर, वंदना सुरू. तिसऱ्या रांगेत डोक्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी उभी आहे, हात खाली. शेजारणीचे जोडलेले. दोघींना त्याचं काही नाही. वंदना संपताच एकीनं दुसरीच्या वहीतून जर्नल उतरवायला घेतलं.

अडतं ते टाइमटेबलात. शिमग्याला पालखी गावात आली की अर्धा वर्ग गायब, त्याला अर्ज लागत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी प्रॅक्टिकल सोडायचं, तर लागतो.

हा बघा. फुलस्केपचा अर्धा कागद, तीन सह्या. सरांनी वाचला, बॅच गुरुवारी बदलून दिली आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरमध्ये असे बरेच आहेत, सगळ्यांवर मजकूर तोच.